नववीच्या मार्कांना खरंच किंमत नसते का? कोणत्या वर्षाचे गुण कुठे मोजले जातात, ते समजून घेऊ

"नववीच आहे, यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी दहावीला बसवू त्याला अभ्यासाला." पालक सभेत हे वाक्य दरवर्षी कोणी ना कोणी बोलतंच. बोलणाऱ्याला दोष देता येत नाही. आपल्याकडे दहावी आणि बारावी ही दोनच वर्षं 'बोर्डाची' मानली जातात. नववी आणि अकरावी म्हणजे मधली, दम खायची वर्षं, असा समज घरोघरी आहे. ट्यूशन दहावीला, जागरण दहावीला, घरातला टीव्ही बंद तोही दहावीलाच.

हा समज अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो जास्त नुकसान करतो. चांगल्या कॉलेजचा प्रवेश एका वर्षाच्या गुणांवर ठरताना दिसतो, पण ते गुण आधीच्या वर्षात तयार होतात. कोणत्या वर्षाचे गुण कुठे लागतात हे माहीत असलं, तर मेहनत कुठे आणि कधी घालायची हे पालकांना ठरवता येतं. शाळेची पायरी न चढलेल्या आईवडिलांनाही कळावं, म्हणून हे सगळं सोप्या भाषेत एका जागी मांडत आहे.

आधी थोडक्यात उत्तर

नववी: अकरावी, पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग, मेडिकल यांपैकी कुठल्याच नेहमीच्या गुणवत्ता यादीत नववीचे गुण धरत नाहीत.

दहावी: अकरावीचा आणि डिप्लोमाचा प्रवेश थेट याच गुणांवर. शिवाय हे गुण पुढे पदवीनंतरही विचारले जातात.

अकरावी: गुण सहसा कोणी विचारत नाही, पण अभ्यासक्रम प्रत्येक मोठ्या प्रवेश परीक्षेत असतो.

बारावी: बीए, बीकॉम, बीएस्सीसारख्या बऱ्याच प्रवेशांत गुण थेट चालतात. इंजिनिअरिंग-मेडिकलला ते पात्रतेपुरते लागतात, निवड प्रवेश परीक्षेवर होते.

आता एकेक वर्ष नीट पाहू.

नववी: कागदावर शून्य, प्रत्यक्षात पाया

गणिताचं पुस्तक उघडून बघा. नववीला दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात, दहावीच्या बीजगणितात पहिलाच धडा तोच आहे. नववीत निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, वर्तुळ आणि सांख्यिकीची ओळख होते; दहावीत हेच विषय एक पायरी वर जातात. दहावीच्या पुस्तकात 'मागे आपण पाहिलं आहे' असं म्हणून धडा पुढे सरकतो. ज्या मुलाने मागे पाहिलंच नाही, त्याला दहावीच्या दहा महिन्यांत दोन वर्षांचं गणित करावं लागतं. मग गाईडमधली उदाहरणं पाठ करणं सुरू होतं आणि परीक्षेत आकडा बदलला की हात थांबतो.

गुणांचा विचार केला तरी नववी कधीच मोजली जात नाही असं नाही. २०२१ साल आठवा. कोरोनामुळे दहावीची बोर्ड परीक्षा रद्द झाली आणि निकाल कसा लावायचा हा प्रश्न उभा राहिला. राज्याने सूत्र ठरवलं: १०० पैकी ५० गुण नववीच्या अंतिम निकालावरून, ३० दहावीच्या शाळेतल्या लेखी मूल्यमापनाचे आणि २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे. म्हणजे बोर्डाच्या मार्कशीटचा अर्धा भाग नववीतून आला. अकरावीसाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं होतं, तीही त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. 'नववीच आहे' म्हणणाऱ्या मुलांना तेव्हा सुधारायची संधीच उरली नाही. असं वर्ष रोज येत नाही, पण नियम मुलाला विचारून बदलत नाहीत, एवढं त्यातून कळतं.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. आठवीत एनएमएमएस परीक्षा पास होऊन निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. पण एकदा मिळाली म्हणजे चार वर्षं पक्की, असं नाही. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावं लागतं आणि अकरावी-बारावीला ती चालू राहायला दहावीत किमान ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींना यात ५ टक्क्यांची सूट आहे. हातगाडी किंवा पॉवरलूमवर चालणाऱ्या घरात १२,००० रुपये म्हणजे वर्षभराची पुस्तकं, गणवेश आणि बसभाडं. नववीकडे दुर्लक्ष केलं तर तेही हातचं जातं.

चौथी गोष्ट सांगायला जड जाते. नववीत नापास झालेलं मूल सगळ्यात लवकर शाळेबाहेर पडतं. आठवीपर्यंत कसंतरी वर आलेलं असतं, नववीत पहिल्यांदा खरी परीक्षा होते. नापास झालं की वडील म्हणतात, "पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरू, तोवर गॅरेजवर बसव." काही मुलं खरंच फॉर्म भरतात आणि पास होतात. पण हाताला रोजची मजुरी लागली की पुस्तकाकडे परत वळणं अवघड असतं. मुलगी असेल तर बरेचदा स्थळं बघायला सुरुवात होते.

दहावी: आपल्याकडे 'कॉलेज' इथूनच सुरू होतं

इतर राज्यांत मूल बारावीपर्यंत बहुधा शाळेतच असतं. महाराष्ट्रात अकरावीलाच कॉलेज लागतं. त्यामुळे आपल्या मुलांची पहिली निवड पंधराव्या-सोळाव्या वर्षी होते, आणि ती पूर्णपणे दहावीच्या गुणांवर.

आधी टक्केवारी कशी निघते ते समजून घ्या. विषय सहा, प्रत्येकी १०० गुण: ८० लेखी, २० तोंडी किंवा अंतर्गत. पास सहाही विषयांत व्हायचं, पण टक्केवारी सगळ्यात चांगल्या पाच विषयांची धरतात. समजा एका मुलीला उर्दूत ८२, मराठीत ५८, इंग्रजीत ७०, गणितात ८८, विज्ञानात ८५ आणि सामाजिक शास्त्रात ८० मिळाले. सहा विषयांची बेरीज ४६३, म्हणजे ७७ टक्के. पण 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मध्ये मराठीचे ५८ बाजूला राहतात, बेरीज ५०० पैकी ४०५ होते आणि टक्केवारी ८१ वर जाते.

यातून काही मुलं चुकीचा धडा घेतात: एक विषय सोडून दिला तरी चालतो. आपल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत तो सोडलेला विषय बहुतेक वेळा मराठी असतो. टक्केवारी वाचते, पण पुढे एमपीएससी असो, पोलीस भरती असो की तलाठी भरती, तिथे मराठी समोर उभी राहतेच. सोडलेला विषय दहा वर्षांनी व्याजासकट परत येतो.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे आणि शालेय क्रीडा स्पर्धांतल्या कामगिरीचेही वाढीव गुण दहावीला मिळतात. यांची तयारी दहावीत करता येत नाही. ड्रॉइंगच्या परीक्षा बहुतेक मुलं आठवी-नववीपर्यंत देऊन मोकळी होतात. शाळेत चौकशी करा.

अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया आधी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा भागांपुरती होती. २०२५-२६ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. मालेगाव, परभणी, रत्नागिरी, सगळीकडची मुलं आता एकाच पद्धतीने अर्ज भरतात. तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक, अर्जात दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून पहिला क्रमांक शेजाऱ्याने सांगितला म्हणून टाकू नका. जायचं यायचं भाडं, फी, अनुदानित तुकडी आहे की विनाअनुदानित, हे बघून टाका.

दोन, अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत त्या त्या अल्पसंख्याक समाजासाठी ५० टक्के जागांचा कोटा असतो. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या संस्था, महाराष्ट्र कॉलेज, रिझवी, पुण्यात पूना कॉलेज अशी नावं आपल्या लोकांना माहीत आहेत. पण कोटा म्हणजे हमी नव्हे. कोट्यातही यादी गुणांचीच लागते, आणि नावाजलेल्या कॉलेजात आपलीच हुशार मुलं आपल्याच मुलांशी स्पर्धा करतात. अर्ज वेळेत झाले नाहीत तर रिकाम्या जागा सर्वसाधारण फेरीकडे जातात.

तीन, मुस्लिम म्हणून सरसकट आरक्षण सध्या नाही. २०१४ च्या अध्यादेशातलं ५ टक्के आरक्षण पुढे कायद्यात उतरलं नाही. मात्र बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जे कुठल्याच यादीत नाहीत आणि ज्यांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना ईडब्ल्यूएसचा लाभ घेता येतो. जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेअर आणि उत्पन्नाचे दाखले नववीच्या सुट्टीतच काढायला घ्या. दहावीच्या निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते आणि मार्क असूनही कागदावाचून जागा जाते.

आता या गुणांवर खरं काय अवलंबून असतं ते बघा. लोकांना वाटतं की जास्त मार्क म्हणजे जास्त नावाचं कॉलेज. आपल्या वस्त्यांमध्ये, विशेषतः मुलींसाठी, जास्त मार्क म्हणजे जवळचं कॉलेज. पहिल्या फेरीत चालत जाण्यासारखं किंवा एका बसचं कॉलेज मिळालं की मुलगी शिकते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत दोन गाड्या बदलून जायचं कॉलेज लागलं की घरात बैठक बसते. "इतक्या लांब कशाला? आर्ट्स घरूनच करेल." तिला सायन्स हवं असतं, गुणही फार कमी नसतात, पाच-सहा टक्क्यांनी जवळचं कॉलेज गेलेलं असतं. बरेचदा ते पाच-सहा टक्के नववीत कच्च्या राहिलेल्या गणिताचे असतात.

पॉलिटेक्निक डिप्लोमाचा प्रवेशही दहावीच्याच गुणांवर होतो. चांगल्या सरकारी आणि अनुदानित पॉलिटेक्निकमध्ये फी कमी असते, म्हणून तिथली गुणवत्ता यादी वर जाते. डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. लवकर कमावतं होणं ज्या घराची गरज आहे, तिथे हा रस्ता जरूर विचारात घ्यावा.

अकरावी: सगळ्यात महाग पडणारी विश्रांती

अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं, बोर्ड नाही. बारावीच्या मार्कशीटवर अकरावीचा आकडा नसतो. म्हणून मुलं हे वर्ष सोडून देतात. पण प्रवेश परीक्षांचा अभ्यासक्रम बघा. एमएचटी-सीईटीमध्ये सुमारे २० टक्के भर अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो. नीट आणि जेईईमध्ये तर अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. अकरावीचं भौतिकशास्त्र कच्चं राहिलेला मुलगा नीटचा पेपर अर्ध्या तयारीने देतो.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी हे वर्ष दुप्पट अवघड असतं, कारण सायन्स एकदम इंग्रजीत जातं. मुलाला विषय कळत नाही असं घरच्यांना वाटतं. अनेकदा त्याला विषय कळतो, शब्द कळत नाहीत. ज्या शाळांत सेमी-इंग्रजीची सोय आहे तिथे आठवी-नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून घेतलं तर ही उडी लहान होते. सोय नसेल तर नववीपासून रोज पाच शास्त्रीय शब्द दोन्ही भाषांत वहीत लिहायची सवय लावा. दोन वर्षांत चांगला साठा होतो.

आणि २०२१ ने अकरावीलाही सोडलं नव्हतं. त्या वर्षी बारावीचा निकाल ३०-३०-४० सूत्राने लागला: ३० टक्के दहावीच्या सर्वाधिक गुणांच्या तीन विषयांवरून, ३० टक्के अकरावीच्या वार्षिक निकालावरून आणि ४० टक्के बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनावरून. ज्या अकरावीला कोणी विचारत नाही म्हणत होते, ती बारावीच्या निकालात आली.

बारावी: उंबरठ्याचे गुण

इंजिनिअरिंग-मेडिकलची निवड प्रवेश परीक्षेवर होत असली, तरी बारावीचे गुण उंबरठ्यासारखे असतात. एनआयटीसाठी आणि आयआयटीसाठी बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. नीटवरून एमबीबीएसला जायचं तर खुल्या गटाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के, आरक्षित गटांना ४० टक्के लागतात. राज्यातल्या इंजिनिअरिंगला हाच आकडा खुल्या गटासाठी ४५ आहे. प्रवेश परीक्षेत चांगला स्कोअर आणि बोर्डात उंबरठ्याखाली, असं झालं की स्कोअर कामाचा राहत नाही.

हे नियमही फिरत असतात. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या रँकमध्ये बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन होतं, २०१७ पासून ते काढलं. दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत बारावीच्या गुणांवर कटऑफ लागायचा, आणि त्या वर्षी काही अभ्यासक्रमांना तो १०० टक्के होता. २०२२ पासून तिथे सीयूईटी आली. दोन्ही वेळा मुलं आधीच अकरावी-बारावीत होती. 'या वर्षी फक्त परीक्षा बघू, बोर्ड सोडून देऊ' असा हिशेब करणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकते. दोन्हीकडे ठीकठाक असणाऱ्याला फारसा फरक पडत नाही.

दहावीचे गुण पाठ सोडत नाहीत

पदवीनंतर एमबीए करायचं स्वप्न असेल तर हे जरूर वाचा. अहमदाबाद आणि बेंगळुरूसह अनेक आयआयएम मुलाखतीला बोलावताना कॅटच्या स्कोअरसोबत दहावी आणि बारावीचे गुणही धरतात. पंधराव्या वर्षी मिळालेला आकडा बाविसाव्या वर्षी टेबलावर येतो. कॅम्पसवर येणाऱ्या अनेक कंपन्याही दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्क्यांची अट घालतात.

परदेशात शिकायचं असेल तर

आखाती देशांत कमावणाऱ्या अनेक कोकणी कुटुंबांतून आता मुलांना अमेरिकेत, कॅनडात पाठवण्याची चौकशी होते. अमेरिकेचं गणित वेगळं आहे. तिथे हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि निवडक विद्यापीठं या चारही वर्षांचे विषय आणि गुण मागतात. त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. नववीत कमी आणि पुढे चढत गेलेला आलेख ते समजून घेतात. नववीत उत्तम आणि पुढे उतरलेला आलेख खटकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सरासरीत दहावी-अकरावीच्या इयत्तांचे गुण धरतात, नववीचे धरत नाहीत, पण नववीचे विषय आणि ग्रेड अर्जात द्यावे लागतातच. हे विद्यापीठ प्रवेशासाठी एसएटीचे गुण आता बघतही नाही, त्यामुळे शाळेच्या गुणांचं वजन आणखी वाढलं आहे.

म्हणून एक साधं काम करा: नववी आणि अकरावीची प्रगतिपुस्तकं रद्दीत देऊ नका. एका फाइलमध्ये ठेवा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. चार वर्षांनी शाळेत जुने रेकॉर्ड शोधायला लावणं सोपं नसतं.

पालकांनी काय करावं

नववीच्या पहिल्या चाचणीचे पेपर घरी मागवून बघा. टक्केवारी बघू नका, कुठल्या प्रकारच्या प्रश्नांचे गुण गेले ते शिक्षकांना विचारा.

नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर दहावीचे क्लास सुरू करण्याआधी पंधरा दिवस नववीच्या गणिताला द्या. गणितातली अडचण बरेचदा त्याच्याही मागे, अपूर्णांकात आणि समीकरणात असते.

लग्नसराईत आठ-आठ दिवस शाळा बुडवू नका. दुआ घरून देता येते, हुकलेला धडा परत शिकवायला वर्गात वेळ नसतो.

मुलाला कमी गुण मिळाले असतील तर चारचौघांत, दावतीत, फॅमिली ग्रुपवर त्याचा आकडा चर्चेला घेऊ नका. लाजलेलं मूल अडचण सांगत नाही, लपवतं.

आणि ज्यांच्या मुलाला दहावीत ५५-६० टक्केच मिळाले, त्यांनी खचायचं कारण नाही. एमएचटी-सीईटी आणि नीट दहावीचा आकडा विचारून निवड करत नाहीत. तिथे अकरावीपासून नवी सुरुवात होते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत जाता येतं, आयटीआय आहे, डिप्लोमा आहे. दार बंद होत नाही, रस्ता लांबतो. तो लांबू नये म्हणून नववीकडे वेळेवर बघायचं.

ज्यांच्या घरी आज नववीतलं मूल आहे, त्यांनी या आठवड्यात शाळेत एक चक्कर मारावी आणि वर्गशिक्षकांना एकच प्रश्न विचारावा: "याचं कुठलं कच्चं आहे?" उत्तर ऐकून घरी ओरडू नका. त्या एका विषयासाठी रोज अर्धा तास काढा. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी शेजारी बसा. एवढं नववीत झालं, तर दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलाच्या हातात निवडायला एकापेक्षा जास्त कॉलेजं असतील, आणि त्यातलं एक तरी घराजवळचं असेल.